बरणीचं झाकण

ही घटना खरी आहे. कागद आहेत, डॉक्टरांच्या सह्या आहेत.

मार्च २००६. बिबवेवाडीतलं एक हॉस्पिटल. दुपारचे साडेतीन. या वेळी पुण्यात भुतंही दुकान बंद करून झोपतात, म्हणून कोणी सावध नव्हतं.

तेजस हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधायचा पगार घ्यायचा. त्याचे वडील हिंमतराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. कॅन्सरमुळे त्यांचं जठर पूर्ण काढलं होतं. अन्ननलिका थेट आतड्याला जोडली होती.

काढलेलं जठर लॅबमध्ये नातेवाइकांनीच पोचवायचं होतं. तेजसने ते बरणीत घालून, स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून, स्वारगेटला नेलं. लॅबच्या अलीकडे टपरीवर चहा घेतला. बरणी टेबलावर.

शुद्धीवर आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य...

"स्वारगेटला चहा फार उकळतात रे."

गुंगी असेल, असं नर्स म्हणाली.

सातव्या दिवशी दुपारी साडेतीनला जोडाची परीक्षा होती. एक्स-रेत दिसणारं औषध प्यायचं. जोडातून बाहेर झिरपलं, तर पोट पुन्हा उघडायचं. आणि पुन्हा उघडलं, तर बाबा त्यातून उठतील, असं कोणीच म्हणत नव्हतं.

"बडीशेपेचा वास येतोय," बाबा म्हणाले. चार घोट प्यायले.

तेजस काचेमागे उभा.

औषध गळ्यातून उतरलं. जोडापाशी आलं. आणि...

नाहीसं झालं.

बाहेर नाही. खाली आतड्यात नाही.

डॉक्टरांनी मशीनला टपली मारली. मग सीटी स्कॅन केला. पोट कोरडं. शेवटी त्यांनी लिहिलं, गळती नाही.

मग औषध गेलं कुठे, असं तेजसने विचारलं.

"अहो, गळत नाहीये ना? आनंद माना."

चार वाजता लॅबच्या कासिमभाईंचा फोन आला. आवाज दबका. साडेतीनला बरणीतून गुडगुड ऐकू आली म्हणे. मग झाकणाखालून पाणी उसळलं...

चार वेळा.

"आणि साहेब, बरणीतल्या फॉर्मलीनला बडीशेपेचा वास येतोय."

बाबांना पाणी सुरू झालं. मग पेज, मग मऊ भात. वजन वाढलं. डॉक्टर खूश. तिकडे कासिमभाई रोज बरणीतलं जास्तीचं ओतून टाकत आणि झाकण सैल ठेवत.

महिन्याने बरणी नष्ट करायचा नियम होता. तेजसने हात जोडले. कासिमभाईंनी ती मागच्या फळीवर सरकवली.

"नियमात बसत नाही," ते म्हणाले. "पण तुमचे वडील जेवतायत."

मग एका सोमवारी बाबा जेवता जेवता थांबले. हात गळ्यावर.

"तेजस... कोणीतरी झाकण घट्ट लावलंय रे."

झाकणाबद्दल त्यांना कोणी कधीच सांगितलं नव्हतं.

तेजसने स्कूटर स्वारगेटला पळवली. कासिमभाई रजेवर. बदली माणसाने सगळ्या बरण्या आवरून ठेवल्या होत्या. तेजसने झाकण फिरवलं. आतून एक ढेकर आली... लांबलचक.

घरी फोन केला. बाबा ताक पीत होते.

तेव्हापासून तो रोज हिंजवडीला जाताना आधी उलट्या दिशेने स्वारगेटला जातो. झाकण बघतो. मगच ऑफिस.

रविवारी लॅब बंद असते.

रविवारी तेजस जेवायला बसत नाही. समोर बसून बाबांचा गळा बघतो.