अक्काची खोली

"अक्का, ही पिशवी कशाला भरायलीस तू?"

पहिली पाळी करून सुदर्शन नुकताच कंपनीतून आला होता. पायातले बूटही अजून काढले नव्हते. दारात उभं राहून त्यानं विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात नुसतं आश्चर्य होतं… सरूबाई मात्र पाठमोरीच राहिली. पलंगावरची पातळं एकेक करून घडी घालत राहिली. वळून पाहण्याचं धाडस तिच्यात नव्हतं. वळली असती, भावाचा तो भोळा चेहरा दिसला असता, तर तीन दिवस मनाशी घोकलेले शब्द ओठांवर आलेच नसते!

"गावाकडं चालले. नाय करमत मला इथं."

"मग आठ दिवस जाऊन ये की. एवढे कपडे कशाला?"

"आठ दिवसांसाठी नाय रे… कायमची."

सुदर्शन आधी हसला. मग त्याचं हसू ओसरलं. "तनुजा काय बोलली का तुला?"

"तिचं नाव घेऊ नको. लेकीसारखं केलं तिनं माझं."

"मग कारण सांग! त्याशिवाय मी तुला हलू देणार नाय."

सरूबाईनं पिशवीचा बंद आवळला. आवाज तिनं दगडासारखा केला.

"बापाची जमीन विकून उभं केलेलं घर हे. इथला घास गोड लागत नाय मला, सुदर्शन. तू सही घेतलीस ना माझी… त्याच दिवशी माझं सगळं गेलं."

समोरच्या गल्लीत भाजीवाला ओरडत होता, शाळेच्या गाडीचा भोंगा वाजत होता, आणि त्या दोघांच्या मध्ये मात्र एक अख्खं आयुष्य कोसळत होतं… सुदर्शन नुसता दारातून बाजूला झाला. तिला जायला वाट करून दिली त्यानं.

आणि त्या बाजूला होण्यानंच तिच्या काळजाचे तुकडे झाले!

कारण ते शब्द खोटे होते. साफ खोटे.

एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून सरू फुलंब्रीच्या अलीकडच्या त्या गावात, वडिलांच्या दारी परत आली तेव्हा आई जाऊन सहा महिने झाले होते, आणि आठ वर्षांचा सुदर्शन चुलीपाशी बसून कच्च्या भाकरीचा तुकडा मोडत होता. त्या दिवशी तिनं त्याला मांडीवर घेतलं ते पुन्हा खाली ठेवलंच नाही. वडील कारभारी यांनी दोनदा तिच्यासाठी स्थळ आणलं. दोन्ही वेळा तिनं मान हलवली. "ह्याचं कोण बघंल, दादा?" एवढंच म्हणाली ती. सुदर्शन शिकला, शहरात नोकरीला लागला, तनुजाशी त्याचं लग्न झालं, प्रांजली जन्मली… आणि वडील गेल्यावर सुदर्शननं बीड बायपासपलीकडच्या नव्या वस्तीत तळमजल्यावरचा फ्लॅट पाहिला.

किती कौतुकानं त्यानं तिला तो दाखवला होता! "अक्का, हे बघ. शाळा चालत पाच मिनिटांवर. कोपऱ्यावर दवाखाना, समोर फिजिओथेरपीवाला. भाजी दारात, बस नाक्यावर. आता तुला कशासाठी म्हणून वणवण करावी लागणार नाय." मग त्यानं मागच्या बाजूची, कडुनिंबाकडं खिडकी असलेली खोली उघडली. "आणि ही तुझी. मरेपर्यंत तुझीच. इथं दुसरं कुणी नाय राहणार."

फ्लॅटसाठी शेत विकावं लागणार होतं. हक्कसोडपत्रावर सही करताना सरूबाईच्या मनात किंतुसुद्धा आला नव्हता. कचेरीतल्या कारकुनानं दोनदा विचारलं, "बाई, समजून उमजून करताय ना?" तेव्हा ती हसून म्हणाली होती, "भावालाच दिलंय साहेब, परक्याला नाय."

वर्षभर ती त्या घरात सुखानं राहिली. पाच वर्षांची प्रांजली रोज तिच्याच कुशीत झोपायची. आणि मग गंगापूरहून निरोप आला. तनुजाच्या आईला, चंपाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला होता.

तनुजा एकुलती एक. वडील कधीच गेलेले. गंगापूरच्या घरात चंपाबाई शेजारणीच्या भरवशावर पडून होत्या, आणि डॉक्टर सांगत होते, रोज व्यायाम करून घेतला तरच हात-पाय हलतील. त्या उपचाराचा माणूस इथं समोरच्या गल्लीत बसायचा! पण खोली कुठं होती? मागच्या खोलीत दोन पलंग मावत नव्हते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हॉलमध्ये ठेवणार कसं? तनुजानं भीत भीत विषय काढला, तेव्हा सुदर्शननं तो तिथंच तोडला. "अक्काला मी हॉलमध्ये झोपवणार नाय. हे घर तिच्या जमिनीवर उभं आहे. शब्द दिलाय मी." सरूबाई स्वतःहून म्हणाली, "अरे, मी हॉलात झोपते, मला काय त्याचं!" तर तो दोन दिवस जेवायला नीट बसला नाही.

त्यानंतर एका दुपारी सरूबाईनं मोरीच्या दाराआड तनुजाला फोनवर बोलताना ऐकलं. आवाज दाबून ती रडत होती… "आई, अजून थोडं सोस गं… करते काहीतरी…"

सरूबाई तिथंच भिंतीला टेकली. आपण ह्या घरात आहोत तोवर ती म्हातारी ह्या घरात येणार नाही… भावाची कृतज्ञताच तिच्या वाटेत आडवी आली आहे! आणि साधं निघून गेलं, तर तो दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन न्यायला येईल. तो येऊच नये, असं काहीतरी बोलून जायला हवं होतं.

म्हणून ते शब्द.

निघताना फाटकापाशी तनुजानं तिचा हात धरला. तिला सगळं कळलं होतं. "अक्का, असं नका करू… मी सांगते ह्यांना."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. आईला घेऊन ये. आणि त्याला सांगू नको, नायतर तो मला परत ओढून आणंल."

रिक्षा वळली. सरूबाईनं मागं पाहिलं नाही.

गावातलं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर तेवढं विकायचं राहिलं होतं. तिथं तिनं चूल मांडली. त्यांच्या शेताचं एव्हाना काहीच राहिलं नव्हतं. पांढरे दगड रोवून तिथं प्लॉट पाडले होते, आणि कमानीवर लिहिलं होतं, शहरापासून अर्ध्या तासावर! रस्त्याकडेच्या रोपांना पाणी घालायला प्लॉटवाल्यांना बाई हवी होती. सरूबाई ते काम करू लागली. रविवारी शहरातून जोडपी प्लॉट बघायला यायची. एखादी बाई विचारायची, "मावशी, पाणी कसं आहे हो इथलं?"

"गोड आहे," ती सांगायची. "विहीर लई जुनी आहे. माझ्या आजानं खांदलेली." पुढचं ती गिळून टाकायची.

गाव मात्र गप्प बसलं नाही. बहिणीची जमीन खाऊन भावानं तिला हाकललं, असं लोक उघड बोलू लागले. ती प्रत्येकाला सांगायची, "नाय हो, मीच आले." कुणाला खरं वाटायचं नाही. आपण भावाचं घर वाचवायला निघालो, आणि चारचौघांत त्याचंच तोंड काळं करून बसलो… ह्या विचारानं तिचा जीव तीळतीळ तुटायचा. सुदर्शनच्या कानावर ते जात होतं. तो आला नाही. फोनही नाही. चार भाऊबीजा तिनं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं.

यंदा श्रावणात चंपाबाई गेल्या. शेवटच्या वर्षात त्या काठी धरून खिडकीपर्यंत चालू लागल्या होत्या, स्वतःच्या हातानं जेवू लागल्या होत्या. तेराव्याचे पाहुणे गेल्यावर सुदर्शन त्या रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि कडवटपणे म्हणाला, "जिच्यासाठी ही खोली घेतली, तिला तिची किंमत नव्हती."

तनुजाच्या हातातलं ताट खाली पडलं.

"किंमत नव्हती म्हणू नका हो! माझ्या आईला चार वर्षं दिली त्यांनी… मी पापीण, मला शपथ होती, पण खरं सांगू? शपथेपेक्षा भीती जास्त होती. तुम्ही त्यांना परत आणाल आणि माझी आई पुन्हा गंगापूरला पडून राहील, ह्याची!"

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लॉटांच्या कमानीखाली एक गाडी येऊन थांबली. गिऱ्हाईक असेल, म्हणून सरूबाई पाइप बाजूला करून उभी राहिली. गाडीतून नऊ-दहा वर्षांची मुलगी उतरली आणि तिच्यापाशी आली.

"मावशी, इथं सरूबाई कुठं असतात?"

तेच डोळे, तीच हनुवटी… कुशीत झोपणारी पोर समोर उभी राहून तिचाच पत्ता तिला विचारत होती!

"मीच गं बाळा… मीच सरू," ती कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात गाडी कडेला लावून सुदर्शन धावत आला आणि त्या चिखलात, तिच्या पायांशी बसला. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, केस कानांवर पिकलेले… लहान मुलासारखा हमसून रडू लागला.

"का गं अक्का? का असं बोललीस? लाथ मारून गेली असतीस तरी चाललं असतं मला!"

"तू दुसऱ्या कशानं थांबला नसतास रे…"

"मला सांगून बघायचं होतंस! एकदा तरी! मी तुझं ऐकलं नसतं असं तूच ठरवलंस. चार वर्षं मी स्वतःला चोर समजत होतो, अक्का. तुझ्या जमिनीचा चोर."

सरूबाई सुन्न झाली. आजवर तिला वाटत होतं, आपण दिलं… खोली दिली, हक्क दिला, स्वतःचं आयुष्य दिलं. पण ह्या देण्यात तिनं भावाच्या पदरात काय टाकलं होतं, ते आज प्रथमच तिला दिसलं. तिचा त्याग पेलायला तिनं त्यालाच एकट्याला सोडलं होतं… न विचारता, न सांगता!

"चुकलं माझं," ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "लई चुकलं. खोटं होतं रे ते सगळं… एक अक्षर खरं नव्हतं."

मागं उभी राहिलेली तनुजा पुढं झाली आणि तिनं सरूबाईच्या खांद्यावर डोकं टेकलं. पाइपातलं पाणी रस्त्यावरून वाहत गेलं आणि बराच वेळ ते बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी ते बायपासपलीकडं पोचले. वस्ती ओळखू येत नव्हती. नाक्यावर मोठं दुकान झालं होतं, समोर आणखी एक इमारत उठली होती. मागच्या खोलीत चंपाबाईंचा लोखंडी पलंग होता, भिंतीला धरून चालायचा दांडा होता, आणि औषधी तेलाचा वास अजून गेला नव्हता.

"उद्याच काढतो हे सगळं," सुदर्शन घाईनं म्हणाला.

"राहू दे. म्हातारी चालली म्हणतोस ना ह्याला धरून? मग राहू दे." सरूबाई पलंगाच्या कडेला टेकली.

प्रांजली दारातच उभी होती. पाहुण्यांकडं बघावं तशी, सभ्यपणे, चौकटीला धरून. शेवटी तिनं विचारलं,

"आत्या, तुम्ही किती दिवस राहणार?"

तनुजानं पदर तोंडाला लावला. सुदर्शननं मान फिरवली. चार वर्षांत काय हरवलं, ते त्या एका 'तुम्ही'नं मोजून दाखवलं होतं, आणि ते कुणालाही भरून देता येणार नव्हतं.

"तू म्हणशील तितके दिवस," सरूबाई म्हणाली.

प्रांजलीनं गंभीरपणे विचार केला. मग, आपण फार मोठं काहीतरी मागतो आहोत अशा संकोचानं ती म्हणाली, "माझी चौथी संपेपर्यंत… राहाल?"

सरूबाई हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"राहीन की. आणि पाचवीचं काय करायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू. सगळ्यांना विचारून."

प्रांजली चौकट सोडून आत आली आणि पलंगावर, तिच्यापासून हातभर अंतर राखून, बसली.