चौथं पिल्लू

मास्तरांचा फोन आला, तेव्हा डॉक्टरबाई दवाखान्यात गायीच्या खुराला पट्टी बांधत होत्या.

"बाई, लगेच या. पाणमांजराची चारही पिल्लं गेली. कुणीतरी विष घातलं."

दहा वर्षं खपून मास्तरांच्या समितीनं तळं जपलं होतं, तेव्हा कुठे पाणमांजर परतलं होतं. बाई पोचल्या तेव्हा काठावर तीन पिल्लं वेडीवाकडी पडलेली. तोंडाला फेस. शेजारी माशांचे उष्टे तुकडे आणि विषाचा रिकामा डबा.

समितीवाल्यांनी पैलवानाची गचांडी धरली होती. तळ्याला लागून त्याची मत्स्यशेती. पाणमांजर त्याचे मासे पळवायचं. "एकेकाला बघून घेतो," असं तो चारचौघांत बोलला होता.

"विष तुझं?" बाईंनी विचारलं.

"डबा माझाच. फवारणीचा. पण शेडला कुलूप कुठाय?"

"पिल्लांजवळ कोण जातं?"

"एकटे मास्तर. त्यांच्याच हातून खातात ती. आम्हाला पाहिलं की बिळात पळतात."

बाई वळल्या. "मास्तर, तुम्ही बिळात पाहिलंत?"

"छे! कशालाच हात लावला नाही. थेट तुम्हाला फोन केला."

बाई चिखलात पालथ्या झाल्या. खांद्यापर्यंत हात बिळात घातला. चौथं पिल्लू बाहेर आलं, ताठलेलं. दातांत माशाचा तुकडा.

"पैलवानाला सोडा," त्या म्हणाल्या. "मास्तर, बाहेर तीनच होती. चौथं वाचलं असेल, अशी आशा कुणीही धरली असती. तुम्ही मात्र म्हणालात, चारही गेली. ते घास घेऊन आत गेलं, हे तुम्ही पाहिलं होतं."

"अंदाजानं बोललो."

"आणि परक्याला पाहून पळणारी पिल्लं बाहेर बसून खातात? ती तुमच्या हातचं खात होती."

मास्तरांनी चष्मा काढला.

"उद्या वनखात्याचे मोठे साहेब येणार. दोनदा शेरा मारलाय त्यांनी, इथल्या प्राण्यांना धोका दिसत नाही, तळ्याला संरक्षण नको म्हणून. मग तळं बुजवून रस्ता होणार. म्हटलं, धोका दाखवू. चार गेली तर बाकीचे सगळे जीव वाचतील, बाई."

"आणि हा माणूस? तुरुंगात सडला असता."

"तो तसं बोललाच होता ना."

समितीवाल्यांनी पैलवानाची गचांडी सोडली.

इतक्यात लव्हाळं हललं. पिल्लांची आई तोंडात मासा धरून आली. गर्दी पाहून थबकली. मग मास्तर दिसले, तशी सरळ त्यांच्या पायाशी आली, मासा खाली ठेवला आणि पिल्लांना हाका मारू लागली.