मास्तरांच्या मुक्या पट्ट्या

दुखणं आणि पियानो, दोघांची खोड एकच. डॉक्टर दारात आला की लगेच बरं वाटायला लागतं. म्हणून पियानो दुरुस्तीला बोलावून गिऱ्हाइकाने "ही पट्टी वाजत नाही हो" म्हटलं की मी आधी विचारतो, "कुणाच्या हाताने?" लोक हसतात. त्या दिवशी मास्तर हसले नाहीत.

मास्तर म्हणजे पियानो शिकवणारे, नाकाचा शेंडा कायम छपराकडे. संध्याकाळी शिष्यांच्या आईबापांसमोर त्यांना वाजवायचं होतं, आणि मधल्या काही पट्ट्या मुक्या. मी दाबल्या, खणखणीत वाजल्या. त्यांच्या बायकोने दाबल्या, वाजल्या. मास्तरांनी दाबल्या... नुसती लाकडाची टकटक.

"मास्तर, पियानो रुसलाय तुमच्यावर."

"थट्टा पुरे. उघडा."

"शाळेत गुरुजी हेच म्हणायचे. 'थट्टा पुरे.' म्हणून तर चौथीतच पळालो."

पट्ट्यांवरचं झाकण काढून मी बाहेर बोळात भिंतीला टेकवलं, वर टोपी ठेवली. आत डोकावलो. पट्ट्यांखालचा लोकरीचा नमदा फुगलेला नाही, स्प्रिंग मोडलेली नाही, सगळं ठणठणीत. मास्तर फोन घ्यायला बाहेर गेले, तशी बायको हळूच म्हणाली,

"काका, हा पियानो ह्यांच्या थोरल्या बहिणीचा. ताई फार सुंदर वाजवायच्या म्हणे. लहानपणी एकदा त्या वाजवत असताना ह्यांनी झाकण आपटलं बोटांवर. चुकून, म्हणतात."

"मग?"

"मग त्या कधीच वाजवू शकल्या नाहीत. पियानो ह्यांना मिळाला. गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या... तेव्हापासून हे असं."

मी तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा अख्खा सांगाडा उचलून जमिनीवर ठेवला. आता नीट ऐका. सांगाडा काढला की पट्ट्यांच्या मागच्या टोकावरचं वजन जातं आणि सगळ्या पट्ट्या पुढे माना टाकतात, वर्गात डुलक्या काढणाऱ्या पोरांसारख्या. इथेही टाकल्या. मधल्या तेवढ्या ताठ. एकीवर बोट ठेवलं, ती मऊपणे खाली गेली. बोट काढलं... सावकाश वर आली. मागून कुणीतरी दाबून धरल्यासारखी. खोलीत ओल्या लोकरीचा वास सुटला.

माझी जीभच वाईट. म्हटलं, "काय ताई, धाकट्याची वाट बघताय?"

तेवढ्यात मास्तर आत आले. "सरका. बघू मला." दोन्ही हात त्या पट्ट्यांवर ठेवून त्यांनी जोर लावला.

धाडकन आवाज झाला, जड लाकूड आपटल्याचा. मास्तर किंचाळले. आठही बोटांवर एकाच सरळ रेषेत काळानिळा वळ, आणि पट्ट्या साऱ्या मुकाट झुकलेल्या. मी बोळात धावलो. झाकण तिथेच होतं, वर माझी टोपी जशीच्या तशी.

बायको नवऱ्याच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चुकून झालं असेल."

खोटं कशाला बोलू, मला हसू आलं.

मास्तरांना दवाखान्यात नेलं, कार्यक्रम बुडाला. सांगाडा चादरीत गुंडाळून मी दुकानात आणला, निवांत तपासू म्हणून. काही दिवसांनी, दिवेलागणीला, मास्तरांच्या बायकोचा फोन आला.

"काका, तो सांगाडा तुमच्याकडेच आहे ना?"

"टेबलावर आहे. का हो?"

"मग इथे... वाजतंय कसं?"

तिच्या आवाजामागे सूर येत होते. संथ, सुरेख.

"हे पियानोसमोर बसलेत. हात बँडेजमध्ये. उठताच येत नाही म्हणतात... रडतायत."

"बाई, वाजवतंय कोण?"

मी टेबलापाशी गेलो, चादर उचलली.

हातोड्या एकेक करून उठत होत्या, फोनमधल्या सुरांच्या तालावर. पुढे तार नाही, मागे पट्टी नाही. तरी प्रत्येक हातोडी हवेत कशावर तरी थडकत होती आणि परत येत होती.

मी दोन्ही हात खिशात घातले.