मेनूर पुढे गेली

बदलीचा हुकूम आला त्या दिवशी वेनिंग अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मी सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणालो, "अताम्बुआ. तिमोर बेट. अगदी सरहद्दीवर."

तिनं मान वर न करता विचारलं, "तिकडे मिरच्या मिळतात का हो?"

"आपल्याहून तिखट."

"मग निम्मं काम झालं."

मला वाटलं, बायको तयार आहे.

मी सैन्यात सार्जंट. जावा बेटावर मागेलांगच्या आमच्या बटालियनमध्ये वाहतुकीचं काम माझ्याकडे. कुणाची बदली झाली की त्याचा संसार खोक्यांत कसा बसवायचा, ट्रकमध्ये आधी काय चढवायचं, सुराबायाहून कुठलं जहाज पकडायचं, हे मी झोपेतही सांगेन. कपाटं आधी, गाद्या शेवटी. सामान निघालं की रिकाम्या क्वार्टरमध्ये एक फेरी मारायची आणि एक हाक द्यायची, ही माझी सवय. भरल्या घरात हाक विरून जाते, रिकाम्या घरात ती परत येते. परत आली की समजायचं, मागे काही राहिलं नाही.

स्वतःचं घर हलवायची पाळी मात्र बऱ्याच वर्षांनी आली होती. आमच्या पाच वर्षांच्या गेंदिसला खोकी म्हणजे खेळच. ती एकातून दुसऱ्यात उड्या मारत होती. वेनिंगचा दगडी खल उचलताना मी कण्हलो, तर ती म्हणाली, "बटालियनच्या तोफा हलवता, आणि माझा खल जड होतो होय?"

चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की भरलेल्या खोक्यांत सगळं माझंच होतं. माझे गणवेश, माझे बूट, माझी चहाची किटली.

"तुझं आणि गेंदिसचं कधी भरायचं?"

ती बराच वेळ दोरीला गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "आम्ही आईकडे राहतो. तुम्ही सुट्टीला येत जा. किती तरी जण असंच करतात."

मी कारण विचारलं नाही. मला माहीत होतं.

मेनूर आमची पहिली मुलगी. मेनूर म्हणजे मोगरा. ती इथंच जन्मली आणि पहिला वाढदिवस यायच्या आत तापानं गेली. छावणीमागच्या उतारावर चाफ्याच्या झाडांखाली तिची एवढीशी कबर आहे. दर गुरुवारी दुपारी वेनिंग केळीच्या पानात गुलाबाच्या पाकळ्या बांधून तिकडे जायची. पाऊस असो, पाहुणे असोत, तिचा गुरुवार चुकला नाही. मेनूर असती तर आता चौथीत गेली असती.

"ती लहान आहे हो," वेनिंग म्हणाली. "तिला एकटीला टाकून कशी येऊ?"

मी त्या दोरीला दुसरी गाठ मारली, आणि रात्रभर कुशी बदलत पडलो.

तरी घराची चौकशी करायलाच हवी होती. अताम्बुआला आम्हाला मिळालेल्या क्वार्टरशेजारी तिथल्या बटालियनच्या आचाऱ्याची बायको राहते, रोफिनामावशी. तिला फोन केला. तिचा आवाज फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येतो.

"घर कसलं, पालींची धर्मशाळा आहे ती! वर्षभर बंद आहे. पण तुम्ही काळजी करू नका, मी झाडून घेते."

आठवड्याभरानं तिचाच फोन आला. "अहो सार्जंट, सांगायचं तरी मला! मी झाडू घेऊन गेले, तर तुमची पोरगी आधीच कामाला लागलेली."

"कोणती पोरगी?"

"तुमची मोठी. अंगण झाडत होती. दे म्हटलं इकडे, तर देईना. आई-बाबा जहाजानं येतायत म्हणाली."

मी हसलो. "मावशी, माझी एकच मुलगी, आणि ती इथं माझ्या बुटांत पाय घालून फिरतेय. असेल कुणी गावातली."

"गावातली पोरं मला ठाऊक नाहीत होय?" मावशीला राग आला. "आणि ती आपल्याशीच तुमच्या जावानी भाषेत गुणगुणते. इथल्या पोरीला कुठून येणार?"

माझा जुना मित्र मुजिरान तिथं कॉर्पोरल आहे. त्याला म्हटलं, जरा बघून ये. त्यानं संध्याकाळी सांगितलं, किल्ली कचेरीतच होती, कुलूप इतकं गंजलं होतं की शेवटी हातोडीनं तोडावं लागलं. मागचं दार खिळे ठोकून बंद. खिडक्यांना गज.

"आत कुणी होतं?"

"नाही. पण फरशी ओली होती, वर्दोयो. नुकतीच पुसल्यासारखी."

छपरातून पाणी आलं असेल, मी म्हणालो. तोही हो म्हणाला. तिकडे गेले कित्येक महिने पाऊस नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. वेनिंगला मी यातलं काही सांगितलं नाही.

पुढचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर फळ्या ठोकत होतो. तो वेनिंगनं उचलला. मावशीचा आवाज मला तिथूनही ऐकू येत होता.

"...सरकारी पलंग भिंतीपासून लांब ओढला तिनं. का गं म्हटलं, तर म्हणे, धाकटीला पालींची भीती वाटते."

गेंदिसला वाटते. भिंतीला चिकटून ती कधीच झोपत नाही.

मी हातोडी खाली ठेवली.

"मावशी," वेनिंगनं हळूच विचारलं, "ती दिसते कशी?"

"बारीक आहे. नऊ-दहाची असेल. केस विंचरून देते म्हटलं तर नको म्हणाली, आई विंचरेल म्हणाली. आणि डाव्या कानामागे काळा डाग आहे, लवंगेएवढा."

वेनिंग खोक्यावर बसली.

तो डाग आम्ही शेवटचा पाहिला तो मेनूरला पांढऱ्या कापडात गुंडाळताना. एकाही फोटोत तो दिसत नाही. गेंदिसजवळ आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

वेनिंग भर दुपारी उठली आणि उताराकडे चालू लागली. त्या दिवशी गुरुवार नव्हता. हातात पाकळ्या नव्हत्या. मी थोडं अंतर ठेवून मागे गेलो आणि फाटकाशी थांबलो.

ती त्या लहानशा दगडापाशी उकिडवी बसली. एक सुकलेलं चाफ्याचं फूल तिनं बाजूला केलं. मग खेळायला गेलेल्या मुलीला जेवायला बोलवावं तशी तिनं हाक मारली.

"मेनूर!"

दाट झाडी, मऊ माती. त्या उतारावर आवाज कधी घुमत नाही.

हाक परत आली.

वेनिंग हात झटकून उठली आणि माझ्याजवळ आली. तिचा चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता.

"तिथं कुणी नाही हो," ती म्हणाली. "चला, सामान भरायचंय."

जहाजात गेंदिस सगळा वेळ ओकत होती. कुपांग बंदरातून ट्रकनं निघालो, ते उजाड डोंगर आणि लोन्टारची ताडं बघत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. अंगणात सडा टाकलेला होता, अजून ओला. हौद काठोकाठ भरलेला. पलंग भिंतीपासून लांब.

रोफिनामावशी धावत आली आणि तिनं वेनिंगचे दोन्ही हात धरले. "सकाळपर्यंत इथंच होती बघा. आता येतीलच म्हणाली. कुठे गेली कोण जाणे."

"लाजाळू आहे ती," वेनिंग म्हणाली.

ट्रकमधून अजून एकही खोकं उतरलं नव्हतं. वेनिंग चप्पल काढून आत गेली. मला तिची हाक ऐकू आली.

त्या रिकाम्या घरातून ती हाक परत आली नाही.

त्यानंतरचे आमचे दिवस फार चांगले गेले. एवढं मला सांगायलाच हवं. वेनिंग पुन्हा गाऊ लागली. बाजारातून तिनं आणखी एक कंगवा आणला. संध्याकाळी गेंदिसची वेणी घालून झाली की ती थोडा वेळ ओट्यावर तशीच बसायची, नारळाचं तेल हातावर घेऊन, आणि मी आतून बाहेर यायचो नाही. मला काही दिसलं नाही कधी. फक्त जेवताना गेंदिस सरकून जागा करून द्यायची, आणि ते मला विचित्र वाटेनासं झालं.

परवा सकाळी रोफिनामावशी मक्याची कणसं घेऊन आली. वेनिंग मिरच्या चिरत होती, मी बूट घालत होतो.

"तुमची मोठी आत्ता फाटकापाशी भेटली," मावशी म्हणाली. "हातात झाडू. कुठे निघालीस गं म्हटलं, तर म्हणे पुढचं घर झाडायला."

मी हसलो. "बघा, माझ्या बदलीचा हुकूम माझ्याआधी हिला!"

"तुमची बदली कसली? मी विचारलं ना तिला. म्हणाली, छोटंसं घर आहे. एकाच माणसाचं."

सुरी थांबली. वेनिंगनं माझ्याकडे पाहिलं. मग अंगणात खेळणाऱ्या गेंदिसकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

कुणाचं, असं तिनं विचारलं नाही. मीही नाही.

"खिडकी आहे म्हणाली का?" तिनं विचारलं.

"नाही म्हणाली." मावशी कणसं सोलायला बसली. "पण माती मऊ आहे म्हणे."