पितळी मुठीची सुरी

"जखम उजव्या गालावर कशी? काल डावीकडे होती ना!"

असं म्हणत तिने ओल्या कापसाचा बोळा उचलला आणि समोर उभ्या असलेल्या रोमन सारथ्याच्या गालावरचं रक्त खसाखसा पुसायला घेतलं. रक्त निघेना. उलट आणखी वाढलं.

"अहो... हळू जरा," सारथी कळवळून म्हणाला, "ही खरी आहे."

तिचा हात हवेतच राहिला. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, हा नायक नव्हेच. कपडे तेच, चिलखत तेच, केसांची बटसुद्धा तीच. पण नायक असा कधी हसत नसे.

"तुम्ही..."

"डुप्लिकेट. नायक पडायच्या आधी मला उभं करतात. मी पडतो, ते उठतात." आणि गाल पुढे करून तो म्हणाला, "पुसताय ना? थांबलात का?"

ती कानापर्यंत लाल झाली. औषधाची पेटी आणायला पळाली ती पळालीच!

मालिका होती प्राचीन रोममधल्या एका सारथ्याची. गुलामाचा पोर रथांच्या शर्यती जिंकत जिंकत थेट सम्राटाच्या डोळ्यांत खुपायला लागतो, अशी गोष्ट. आणि तिचं काम होतं आदल्या शॉटचं पुढच्या शॉटशी जुळवणं. पेला कोणत्या हातात होता, अंगरख्याची चुणी कुठल्या खांद्यावर होती, सगळं फोटोत आणि वहीत. तिच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून अख्खं युनिट तिला चित्रगुप्त म्हणायचं. ती असे टोमणे कानाआड करी. कारण आधीच्या मुलीला एका चुकीपायी घरी पाठवलेलं तिने पाहिलं होतं.

डुप्लिकेट मात्र रोज संध्याकाळी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा.

"लिहा, चित्रगुप्त. कोपर... खरं. गुडघा... मेकअपचा. खांदा... अर्धा अर्धा."

"मला तुमच्या खऱ्या जखमांशी काय करायचंय?"

"मग वहीच्या मागच्या पानावर काय लिहिता?"

तिने वही पटकन मिटली. मेल्याचं लक्ष बरं असतं! मागच्या पानावर खरोखरच त्याच्या जखमांची यादी होती. ती अकरावर पोचली त्या दिवशी तिला दोन गोष्टी एकदम कळल्या. आपण याच्यावर प्रेम करतो. आणि आपल्याला भयंकर भीती वाटते. रथ सुटला की तो परत उभा दिसेपर्यंत ती वहीत एक अक्षर लिहीत नसे.

"तुला भीती नाही वाटत?" तिने एकदा विचारलं. तोवर अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं.

"भीतीचे सीन नायकाकडे असतात," तो हसला.

ते ऐकून घोड्याला खरारा करणारे मामा मात्र हसले नाहीत. सेटवरचे सगळे घोडे त्यांचे, आणि हा त्यांचा भाचा. आईमागे त्यांनीच वाढवलेला. "याचा बापही असाच हसत हसत घोड्यावर चढला होता, पोरी," ते खाली बघत म्हणाले. "उतरला नाही."

त्या दिवसापासून तर तिची झोपच उडाली.

आणि मोठ्या शर्यतीचा दिवस उजाडला. चार रथ, सोळा घोडे, दोन फेऱ्या. दिग्दर्शकाला सगळं अस्सल रोमन हवं होतं. ते सारथी म्हणे लगाम कमरेला गुंडाळून बांधायचे आणि रथ उलटलाच तर लगाम कापायला कमरेला सुरी खोचायचे. दुसऱ्या फेरीत शेजारचा रथ याच्या रथाला घासणार होता. मामांनी एकच अट घातली होती, सुरी धारदार पाहिजे. उलटलेल्या रथाला बांधलेल्या माणसाला घोडे फरफटत नेतात.

निघण्याआधी तिने कालचा फोटो आणि समोरचा तो पडताळून पाहिला. नायकाच्या कमरेला काल पितळी मुठीची सुरी होती, याच्या कमरेला काळ्या मुठीची.

"जुळत नाही," ती पुटपुटली. काळी उपसून तिने टेबलावर ठेवली, पितळी उचलली आणि त्याच्या पट्ट्यात खोचली. तिचं सगळं लक्ष फोटोकडे होतं. तो काही बोलायला गेला... आणि गप्प बसला. नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"असा काय बघतोस?"

"मागे जाऊन उभी राहा. तू समोर असलीस तर लगाम सुटतील हातातून."

ती लाजून मागे सरली. नगारे वाजले, रथ सुटले, धुळीचा लोट उठला.

तेवढ्यात मामा टेबलाशी आले. "मी त्याला दिलेली सुरी इथं कशी?"

"कालच्याशी जुळत नव्हती, मामा. पितळी मुठीची दिलीय त्याला."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, ती लाकडाची आहे! वर चंदेरी रंग दिलाय नुसता. तिनं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही!"

तिने टेबलावरच्या काळ्या सुरीकडे पाहिलं. माझ्या हाताने. मीच दिली. दिग्दर्शक उंच क्रेनवर, कानांवर हेडफोन. "कट करा! थांबवा!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. नगाऱ्यांत तिचा आवाज कुठल्या कुठे विरला. पहिली फेरी संपत आली होती.

तिने काळी सुरी उचलली आणि कठड्याखालून आखाड्यात शिरली.

"हात हलवू नकोस! घोडे बिथरतील!" मागून मामा ओरडले. "नुसती उभी राहा!"

कॅमेऱ्यासमोर जायचं नाही, हा तिच्या कामातला पहिला नियम. ती भर आखाड्यात, कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात ओळखपत्र घालून, रोमन साम्राज्याच्या मधोमध उभी राहिली. वळणावरून चार घोडे आले. जमीन थरथरायला लागली. पळ, असं सगळं अंग सांगत होतं. पण ती हलली नाही. आपण मरू असं तिला खरंच वाटलं, आणि तरी मनात एकच होतं, याला दुसरी फेरी मारू द्यायची नाही.

त्याने तिला पाहिलं. सगळं अंग मागे झोकून लगाम खेचले. घोडे खिंकाळले, चाकं वाळूत रुतत गेली, आणि रथ चार हातांवर येऊन थांबला. बाकीचे लांबून निघून गेले.

"वेड लागलंय का तुला?" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

तिने सुरी पुढे केली. "ती... ती लाकडाची आहे."

त्याने पट्ट्यातल्या सुरीवर हात ठेवला. "माहीत आहे."

"काय?"

"तू खोचलीस तेव्हाच कळलं. हलकी लागली."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर तुझी चूक निघाली असती. काढून टाकलं असतं तुला. म्हटलं, दोनच तर फेऱ्या..."

"गाढवा!" ती रथावर चढली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या चिलखतावर बडवायला लागली. "माझी नोकरी वाचवायला जीव देणार होतास? मी ती नोकरी चुलीत घालते! तुला काही झालं असतं तर मी... मी काय करणार होते रे?"

"लागेल हाताला. लोखंड आहे ते."

"लागू दे!"

त्याने तिचे हात धरले. ते सोडलेच नाहीत.

"मला पण भीती वाटते," तो अगदी हळू म्हणाला. "रोज वाटते. आजवर कुणाला सांगितलं नाही."

तोवर क्रेन खाली आली होती आणि दिग्दर्शक लालबुंद होऊन पुढ्यात उभे होते. तिने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चूक माझी आहे. लाकडी सुरी मी दिली."

दिग्दर्शकांनी त्याच्या पट्ट्यातली ती सुरी हातात घेतली, वाकवून पाहिली. ती कटकन मोडली. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "तासाभराने पुन्हा," ते म्हणाले. "तुझं काय करायचं ते उद्या बघू."

तासाभराने तिने स्वतः लगाम त्याच्या कमरेला गुंडाळले. काळी सुरी कागदावर चालवून पाहिली, मग खोचली. 'जाऊ नकोस' हे शब्द ओठांवर आले होते. तिने ते गिळले. त्याचं काम होतं ते.

"आता तरी मनातलं बोल," तो म्हणाला.

"नको. लक्ष उडेल तुझं."

"नाही बोललीस तर जास्त उडेल."

मामा, चार कॅमेरे, अख्खं युनिट बघत होतं. बघेनात का!

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," ती म्हणाली. "समजलं? आता समोर बघ."

नगारे वाजले. तिने कठडा घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. टापा लांब गेल्या, जवळ आल्या, पुन्हा लांब गेल्या. लाकडावर लाकूड घासल्याचा मोठा आवाज झाला. कुणीतरी किंचाळलं. मग काहीच नाही... नुसती शांतता. मामांना विचारायचीही हिंमत होईना.

"उघड डोळे," कुणीतरी अगदी जवळ, धापा टाकत म्हणालं.

डोळे न उघडताच तिने त्याला मिठी मारली.