कोरडा पुठ्ठा

नेवेनाच्या गाडीने शेवटचा श्वास सोडला तो चढाच्या बरोबर मध्यावर, एका अनोळखी फाटकासमोर. श्वास पांढरा होता आणि बॉनेटमधून आला. आमच्या रोडोपीच्या डोंगरात गाड्या मरताना जागा निवडत नाहीत. हिने मात्र निवडली असावी, कारण फाटकाच्या आत अक्रोडाखाली एक हिरवी गाडी उभी होती आणि तिच्या काचेवर पुठ्ठ्याची पाटी होती – ‘विकणे आहे. चारही चाकं ओढतात.’

अंगणात दुधाचे कॅन धुणारा एक उंच माणूस बाह्या न उतरवताच बाहेर आला. वाफेकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग पुन्हा वाफेकडे, पण जरा उशिरा.

“पाणी आणू?”

“तिला आता पाणी नको, पाद्री हवाय,” नेवेना म्हणाली. “ती आतली हिरवी… तुमची?”

“वडिलांची होती. त्यांना आता दिसत नाही, म्हणून माझ्या नावावर. मी मानोल. आणि तुम्ही गुरांच्या नव्या डॉक्टर. आमच्या गायीला तुमचं कौतुक आहे.”

“गायीनं सांगितलं?”

“ती फार बोलत नाही. पण जुन्या डॉक्टरला लाथ मारायची.”

नेवेनाकडे वरची सहा गावं होती आणि पशुखात्याचं एक पत्र. एक डिसेंबरपर्यंत बर्फात चढणारी गाडी दाखवा, नाहीतर गावं शहरातल्या डॉक्टरकडे जातील. शहरातले डॉक्टर गेल्या हिवाळ्यात एकदाही वर आले नव्हते. त्यांचा अहवाल मात्र दर महिन्याला वेळेवर येई. त्या हिवाळ्यात वर अकरा गायी गेल्या. अहवालात त्या जिवंत होत्या.

मेलेली गाडी तिने खालच्या बाजारात घेतली होती. विकणाऱ्याने आईची शपथ घेतली होती आणि ती पोहोचायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं होतं. गरम इंजिन आणि गोड बोलणारा माणूस, दोघांचीही खरखर ऐकू येत नाही, हे तिला तीन आठवड्यांनी कळलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती आली ती ‘नमस्कार’ न म्हणताच बॉनेटवर तळवा ठेवायला. बॉनेट गार होतं.

“ताप नाही,” मानोल म्हणाला.

“तुम्ही गप्प राहायचं. पेशंटच्या नातेवाइकांचं मी ऐकत नाही.”

तिने ऑइलचं झाकण उघडून आतून पुसलं. दुधाळ चिकटा नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलं नव्हतं. इंजिन सुरू करून धुराचा रंग बघितला. निळा नव्हता, म्हणजे ऑइल जळत नव्हतं. चारही टायर सारखेच झिजलेले होते. चारचाकी ओढीच्या गाडीत एक टायर जरी वेगळा निघाला तरी आतली दातेरी चक्रं एकमेकांशी भांडून मरतात. मग तिने पिशवीतून गुरांचा स्टेथोस्कोप काढला आणि डोळे मिटून इंजिनाला लावला.

मानोलने चर्चमध्ये टोपी काढतात तशी टोपी काढली. पंधरा वर्षं तो हे इंजिन ऐकत होता. कोणी त्याचं असं… असं मनापासून ऐकताना त्याने बघितलं नव्हतं.

“काय म्हणतंय?” त्याने कुजबुजून विचारलं.

“म्हणतंय, मालक फार जवळ उभा आहे.”

तो दोन पावलं मागे सरला. ती वाकली, आणि गाडीखाली बघून ताठ झाली. खाली भलंमोठं ओलं थारोळं होतं.

“हे काय?”

“मी ओतलं,” दारातून मानोलची आई एवदोकिया म्हणाली. हातात रिकामी किटली. “काम पाण्यासारखं वाहावं म्हणून.”

आमच्याकडे कोणी परीक्षेला, प्रवासाला, नोकरीला निघालं की पुढ्यात पाणी सांडतात. नेवेनाच्या आईनेही तिच्या प्रत्येक परीक्षेला सांडलं होतं. पण विकायच्या गाडीखाली पाणी ओतून ठेवण्याचा धंदेवाईकपणा फक्त आमच्याच डोंगरात सापडेल.

“म्हणजे गाडी गळते की आई गळते, हे मला कळायचं कसं?”

“उद्या या,” मानोल म्हणाला. जरा जास्तच चटकन म्हणाला.

तिने गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवला आणि मेंढ्यांवर खूण करायच्या निळ्या खडूने इंजिनाच्या पाण्याच्या डबीवर, पातळीला, रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा ओला. “काल काम झालं नाही,” एवदोकिया म्हणाली, “म्हणजे पाणी कमी पडलं.” तिसऱ्या दिवशी पुठ्ठा तरंगत होता. दोन्ही दिवशी नेवेनाला कॉफी मिळाली, चीज भरून भाजलेली गरम बानित्सा मिळाली, आणि मानोल दुधाचा ट्रक घेऊन निघेपर्यंत तिला निघवेना. तिसऱ्या दिवशी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. कोणी केलं, ते दोघांनाही आठवत नाही.

चौथ्या दिवशी मानोल पहाटेपासून किटली मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. नेवेनाने गुडघे टेकून पुठ्ठा ओढला. खडखडीत कोरडा.

“घेते,” ती हसून म्हणाली. “मानोल, मी घेते ही गाडी.”

तो हसला नाही. उठून त्याने बॉनेट उघडलं. “रेघ बघ.”

पाणी निळ्या रेघेच्या बोटभर खाली होतं.

“पण… पुठ्ठा कोरडा आहे.”

“तेच तर. बाहेर पडलं असतं तर बरं होतं. बाहेर नाही पडलं, मग गेलं कुठे?”

त्याने इंजिन सुरू केलं. थोड्या वेळाने डबीतल्या पाण्यात एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. मग दुसरा.

“हेड गॅस्केट,” तो म्हणाला. “पाणी इंजिनाच्या आत झिरपतंय. आत्ताच सुरुवात आहे. महिना-दीड महिना चालेल, मग बर्फात एखाद्या वळणावर बसेल.”

नेवेना बुडबुड्यांकडे बघत राहिली. त्या मोहरीएवढ्या बुडबुड्यांत सहा गावं बुडत होती.

“रेघेपर्यंत पाणी घातलं असतंस तर मला कळलं नसतं.”

“हो. भांडं हातात घेतलं होतं.”

“मग?”

“मग डोळ्यांसमोर तू दिसलीस, बर्फात वरच्या वळणावर एकटी उभी.” त्याने भुवईवरचा घाम पुसला. “दुरुस्त करतो मी. तीन आठवडे लागतील. तोवर दुधाचा ट्रक सहाही गावांना जातो. जागा आहे… म्हणजे, पुढे. माझ्या शेजारी.”

तर डॉक्टरबाई तीन आठवडे दुधाबरोबर हिंडल्या. एका गावात वासरू आडवं आलं तेव्हा मानोलने अंगरखा काढून कंदील धरला, आणि तिच्या खांद्यापर्यंत आत गेलेल्या हाताकडे तो आ वासून बघत राहिला. दुपारी शेडमध्ये पाळी उलटायची. त्याने इंजिनाचं डोकं उचललं त्या दिवशी ती आत वाकली. चार गोल, चकचकीत विहिरी. भोवती पाण्याच्या वाटा. आणि मध्ये गॅस्केटचा पत्रा, तिच्या नखापेक्षा थोडा जाड.

“इथे आग,” तो बोट ठेवत म्हणाला, “मिनिटाला हजारो वेळा. आणि इथे, बोटभर अंतरावर, पाणी. पंधरा वर्षं दोघं शेजारी राहिले, याच्या जिवावर.”

“एवढ्याशा पत्र्याच्या?”

“एवढ्याशा.”

तिने तो जळका पत्रा उजेडात धरला. दोघांची डोकी जवळ आली होती. मागे कोणीच घेतलं नाही.

सत्तावीस नोव्हेंबरला इंजिन सुरू झालं. आवाज असा, की अक्रोडावरचा कावळाही उडाला नाही. दोघं तासभर डबीकडे बघत उभे राहिले. पाणी आरशासारखं स्थिर.

“नेवेना,” मानोल म्हणाला, “एक सांगायचंय. हे काम आठवड्याचं होतं. मी तीन सांगितले.”

“मला माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी खालच्या मेकॅनिकला विचारलं मी.”

“मग… बोलली का नाहीस?”

“तू इतकं वाईट खोटं बोलत होतास. कान लाल करून. बाजारात इतक्या वाईट खोट्याला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हटलं आपणच घ्यावं.” तिने पिशवीतून पशुखात्याचा फॉर्म काढला. “चल, गाडी नावावर कर.”

“गाडी विकायची नाही,” मानोल म्हणाला.

तिने फॉर्म खाली केला.

“म्हणजे… तुलाच आहे. पण विकायची नाही. घरातल्या माणसाला कोणी गाडी विकतं का?”

 नेवेनाने फॉर्म उलटला, बॉनेटवर पसरला आणि पेनाने एक रकाना दाखवला. ‘वाहन स्वतःचे नसल्यास मालकाशी नाते.’

“सरकारला उत्तर हवंय. काय लिहू?”

 तिने उत्तराची वाट बघितली नाही. लिहिलं – होणारा नवरा.

मानोल ते उलट्या बाजूने वाचत होता. अक्षरं सावकाश लागत होती, आणि एकेक लागताच त्याचे डोळे मोठे होत होते.

“हे… नंतर खोडता येत नाही ना?” त्याने अगदी हळू विचारलं.

“सरकारी कागद आहे,” नेवेना पेनाचं टोपण लावत म्हणाली. “खाडाखोड चालत नाही.”