ठेवणीचा माळ

आमच्या घरात सुट्टी म्हटली की वादावादी ठरलेली. मला गरम पाण्याचा नळ असलेली जागा लागते आणि वेणीमाधवांना, म्हणजे आमच्या ह्यांना, मुळात नळच नसलेली. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात तरी मला कोणी प्रयोग करायला लावू नये असं माझं म्हणणं असतं. ते कोण ऐकतंय! यंदा संक्रांतीच्या सुट्टीत त्यांनी नवंच खूळ काढलं. त्यांचे खापरपणजोबा एका दुष्काळात बैलगाड्या जुंपून कर्नाटकातून दुधनीवरून सोलापुरात आले होते. त्याच वाटेनं आपणही यायचं, आणि जिथे जिथे त्यांच्या गाड्या मुक्कामाला थांबल्या तिथे तिथे आपला तंबू ठोकायचा.

मुक्कामांची नावं त्यांना प्रभाआत्यांनी लहानपणी पाढ्यासारखी पाठ करून घेतली होती. दुधनी, ठेवणीचा माळ, अक्कलकोट, वळसंग, सोलापूर. प्रत्येक गावाला आत्या काहीतरी गोष्ट सांगायच्या, कुठे बैल बसला, कुठे कुणी आमटीभात घातला. ठेवणीच्या माळाला मात्र नुसतं नाव घेऊन पुढे जायच्या. तिथे काय झालं हे ह्यांनी कधी विचारलं नाही आणि आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

उर्वी, आमची सहा वर्षांची लेक, तंबू म्हटल्यावर नाचायलाच लागली. मग मी एकटी नाही म्हणून काय होणार होतं? स्टोव्ह, सतरंज्या, चटणीचा डबा आणि कडक भाकऱ्या असं सगळं गाडीत कोंबून निघालो.

ठेवणीचा माळ कुठल्याही नकाशात नव्हता. दुधनी सोडल्यावर विचारत विचारत गेलो, तेव्हा सडकेपासून आत, ज्वारीच्या रानामध्ये तो सापडला. चहूकडे छातीएवढी ज्वारी, कणसं हुरड्याला आलेली, आणि मध्येच तांबड्या मुरुमाचा एक मोकळा तुकडा. त्यावर कुसळ उगवलेलं नव्हतं. शेजारच्या वस्तीवर सावित्रम्मा नावाची म्हातारी राहत होती. रान तिच्याच लेकाचं. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायची. तिनं आम्हाला पाणी दिलं, उर्वीला हुरडा भाजून दिला, आणि माळावर झोपायला खुशाल जा म्हणाली.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. मुरूम म्हणजे दगडासारखा. मेखा ठोकताना हात सोलवटायला हवेत. पण आमच्या मेखा कणकेत बोट जावं तशा आत गेल्या. मी ह्यांना दाखवलं तर म्हणाले, बघ, जागा आपल्याला ओळखते. मी म्हटलं, खाली ओल असेल. उकरून पाहिलं तर कोरडं ठणठणीत होतं.

बाकी त्या मुक्कामात काही म्हणजे काही झालं नाही. इतकी गाढ झोप मला घरीही लागत नाही. सकाळी चहा केला, तंबू आवरला, सावित्रम्मा कळशी न्यायला आली. निघायची वेळ झाली, मी येते म्हणणारच होते, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"येते म्हनू नगा हितं. जाते म्हना."

घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे काय मला हिनं शिकवायचं? जाते कोण म्हणतं? कायमचं जाणारा. मी म्हटलं, अव्वा, तुमच्या कानडीत सुद्धा होगि बरतीनि म्हणतात की, जाऊन येते. ती म्हणाली, "समद्या जगात म्हनत्यात. हितं न्हाय म्हनत." का, ते तिनं सांगितलं नाही. मी तीनदा विचारलं, तर कळशी उचलून चालायला लागली.

वेणीमाधवांनी हसून "बरं, जातो" म्हटलं. मी तोंडातल्या तोंडात जाते म्हटलं आणि लगेच मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. विज्ञान शिकवत असले म्हणून काय झालं! गाडी हलली. उर्वी मागच्या खिडकीतून डोकं काढून बसली होती. तिला वळण मीच लावलेलं. जाते म्हणाली की मी दारातून परत बोलवायचे आणि नीट म्हणायला लावायचे. तिनं त्या रिकाम्या माळाकडे बघून हात हलवला आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "येते हं!"

वारं होतं, पण ज्वारीची सळसळ थांबली. एवढंच. मी काच वर केली.

दुसरा तंबू अक्कलकोटच्या पुढे एका तळ्याकाठी टाकला. संध्याकाळी मी कांदा चिरत होते, हे काटक्या गोळा करत होते, आणि उर्वी दिसेना. तळ्याच्या कडेकडेनं हाका मारत धावले. सापडली ती सडकेवर, आम्ही आलो त्या दिशेला चाललेली, अनवाणी, रमत गमत नव्हे, तर शाळेला उशीर झाल्यासारखी. दंड धरून मागे वळवलं तर माझ्याकडे नवलानं बघून म्हणाली की मी येते म्हटलंय ना. मी तिला एक धपाटा घातला आणि मग तिला पोटाशी धरून मीच रडले. तंबू तिथेच गुंडाळला. त्याच रात्री आम्ही जुळे सोलापुरात, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात होतो.

मला वाटलं, सुटलो.

पुढल्या आठवड्यात तिच्या तळपायांना तांबडी माती दिसायला लागली. आमच्याकडची सगळी माती काळी. आंघोळ घालून पाय पुसावेत, तिनं पलंगावरून उतरू नये, आणि पुन्हा पाहावं तर बोटांच्या बेचक्यांत मुरूम. उर्वी बोलायची कमी झाली. गॅलरीत उभी राहून अक्कलकोटच्या बाजूला बघत बसायची. जेवायची मात्र नीट, पोळी मागून घ्यायची, आणि तरी मला ती उचलताना हलकी लागायला लागली.

मी वजनकाटा काढला. रोज काटा खाली येत होता. काटा बिघडला असेल म्हणून तांदळाची पिशवी ठेवून पाहिली, ती बरोबर भरली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं उत्तम म्हणाले. पोरगी वाळलेली नाही, गाल जसेच्या तसे आहेत, उगाच काळजी करताय. ते खरंच होतं. ती बारीक होत नव्हती, कमी होत होती. हा फरक मी कुणाला कसा समजावणार?

एका दुपारी तिची वेणी घालत होते. केस हाताला लागत होते पण त्यांचा भार लागत नव्हता. मी विचारलं, बाळा, तुला काय होतंय गं? तिनं जरा आठवून पाहिलं.

"आई, मी अजून सगळी पोचले नाही," ती म्हणाली.

मी वेणी अर्धीच सोडून उठले. ह्यांना सांगितलं तर आधी मुलं काहीबाही बोलतात म्हणाले, आणि मग देवापुढे जाऊन बसले ते उठेनात. तेव्हा मी ठरवलं की आता आपणच जायचं. रजा टाकली, उर्वीला त्यांच्या स्वाधीन केलं आणि गाडी काढली.

सावित्रम्मा वस्तीवर भाकरी थापत होती. मला पाहून तिला नवल वाटलं नाही. बसायला पोतं टाकलं.

"आली की तुमची पोर," ती म्हणाली. "रोज थोडी थोडी येतीया. आधी नुस्ता पायाचा माग हुता. काल हसल्याला आवाज आला."

मी ओरडूनच म्हटलं, माझी मुलगी माझ्या घरी आहे.

"व्हय," तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "उरल्याली तितं आसंल."

मी तिथल्या तिथे ह्यांना फोन लावला. उर्वी झोपलीय म्हणाले. मग हळूच म्हणाले की महेश्वरी, ती झोपलीय तिथे गादीला खळगाच पडलेला नाही.

मी उठले ते चप्पल न घालताच माळाकडे धावले.

भर दुपार होती. ऊन मी मी म्हणत होतं. ज्वारी स्तब्ध उभी होती. मुरुमावर लहान पावलं उमटलेली होती, येरझाऱ्या घालाव्यात तशी. डावं पाऊल किंचित आत वळलेलं. उर्वीचं तसंच पडतं. त्या पावलासाठी मी तिला किती बूट बदलून घेतले होते.

मी हाक मारली.

माझ्या डोळ्यांदेखत एक पाऊल नव्यानं उमटलं. मग दुसरं. माझ्या दिशेनं, सावकाश.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. दिसत काहीच नव्हतं. मी खाली बसले आणि दोन्ही हात पुढे केले. हातात ऊबदार वारा आला, तिच्या खोबरेल तेलाचा वास असलेला. तो मी घट्ट धरू पाहिला. धरता येत नव्हता.

घरी चल म्हटलं. विनवण्या केल्या. पावलं हलली नाहीत.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. शाळेच्या सहलीला जायचं तर आम्ही पोरांचं हो धरत नाही, आईबापाचं लागतं. पोरांना काय कळतं? मी उठून उभी राहिले आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात त्या ज्वारीला म्हटलं,

"ती लहान आहे. तिचं बोलणं धरायचं नाही. तिच्याऐवजी मी येते."



मग ज्वारीतून उत्तर आलं. कोणी दारातून येते म्हटल्यावर घरातून सहज देतात तसं.

"ये."

आवाज लहान मुलीचा होता. उर्वीचा नव्हता.

खाली पाहिलं तर मुरूम सपाट झालेला, पावलं पुसलेली. हातातली ऊब गेली होती. आणि फोन वाजायला लागला. पलीकडे हे रडत होते, हसत होते, धड बोलता येत नव्हतं. उर्वी उठली, पलंगावरून दाणकन उडी मारली, भूक लागली म्हणतेय, खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन आले. मी तिथेच बसले आणि पोटभर रडले. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता, पुढेही व्हायचा नाही.

उर्वी आता छान आहे. उचलताना माझी कंबर धरते, इतकी भरलीय. तिला तळं आठवतं, हुरडा आठवतो, बाकी काही आठवत नाही. दप्तर पाठीला लावून येते गं आई म्हणते, आणि मी ये म्हणते.

मला दुःख नाही. भीती वाटते, ते खोटं कशाला बोलू? वर्गात मागची मुलं अलीकडे सारखी म्हणतात की बाई, ऐकू येत नाही. मी जिन्यात मध्येच उभी असले तरी शेजारीण थेट चालत येते आणि ऐनवेळी दचकते. परवा वेणीमाधवांनी जेवायला ताटं घेतली ती दोनच. उर्वीनं तिसरं आणून ठेवलं तेव्हा ते इतके शरमले की मलाच त्यांची कीव आली. मी म्हटलं, अहो, चालायचंच. त्यांनी ते ऐकलं असावं.

काल सावित्रम्माच्या लेकानं ज्वारी काढली. आता इथून, माळावरून, सडक सरळ दिसते. मला ये म्हणालेली ती मुलगी, त्या गाड्यांनी इथे मागे ठेवलेली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असते, अंग तापानं फणफणलेलं, आणि डोळे सडकेकडे. कुठलीही गाडी दिसली की मान उचलून विचारते, आपली का? मी नाही म्हणते. मग ती पुन्हा निजते.